इस्तावा आणि विशेष आर्थिक क्षेत्र

सूट देऊन वसाहत वाढविण्याची रीति नवी नव्हे. ओसाड गांवें व पडीत जमिनी लागवडीस याव्या म्हणून कौल देत, आणि इस्ताव्यानें सारा वर्षानुवर्षें चढवीत पूर्ण दरास नेत. खानदेशांतील जुनीं दफ्तरें वाचणारास हे शब्द परिचित आहेत. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याचें परीक्षण याच कसोटीवर करणें उचित होय.

२०२० पर्यंत सुरू झालेल्या कारखान्यांस निर्यातीच्या नफ्यावर पहिलीं पांच वर्षें पूर्ण व पुढील पांच वर्षें निम्मी प्राप्तिकरमाफी मिळाली. ही योजना इस्ताव्याशीं जुळते. तिचा लाभही नाकारतां येत नाहीं. १९७३ सालीं स्थापन झालेल्या अंधेरीच्या निर्यात क्षेत्रानें इलेक्ट्रॉनिक वस्तु व जडजवाहीर यांच्या धंद्यांत हजारों हातांस काम दिलें.

परंतु कौल पडीत जमिनीस मिळे; रायगडांत मात्र पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील कसती जमीन मागण्यांत आली. अखेर सप्टेंबर २००८ मध्यें हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांचाच कौल सरकारास घ्यावा लागला. महालेखापरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालाप्रमाणें देशांत अधिसूचित ४५,६३५ हेक्टरांपैकीं २८,४८८ हेक्टरांतच काम सुरू झालें होतें.

तात्पर्य, दोष सुटीचा नसून क्रमाचा आहे. इस्ताव्यांत सूट लागवडीच्या मागोमाग चाले. येथें जमीन आधीं जाते, उद्योग मागाहून येतो किंवा येतच नाहीं. कोरीटसारख्या शेतीवर जगणाऱ्या गांवास उद्योग हवाच आहे. पण तो पडीत जमिनीवर, आणि मुदतींत उभा न राहिल्यास जमीन परत, या अटीवर.