‘स्नायुशिथिलक’ : एका वैद्यकीय संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा आपल्याकडे बहुधा कोशाच्या पानावर होते. ती रोग्याच्या खाटेपाशीही व्हावयास हवी. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू लुळे करणाऱ्या औषधांना मराठीत ‘स्नायुशिथिलक’ म्हणण्याचा प्रघात आहे. संज्ञा सुटसुटीत आहे, उच्चारास सोपी आहे. परंतु ती औषधाचे कार्य सांगण्याऐवजी झाकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम कार्य पाहू. मेंदूची आज्ञा चेतातंतूच्या टोकापर्यंत येते. तेथून स्नायूपर्यंतचे अत्यल्प अंतर ॲसेटिलकोलीन हे रसायन ओलांडते. कुरारी आणि तिच्या वर्गातील औषधे स्नायूवरील ग्राहीची जागा अडवितात. सक्सिनिलकोलीन याउलट स्नायूस आधी उद्दीपित करते. क्षणभर थरथर दिसते, आणि मग तो नव्या आज्ञेस दाद देत नाही. मार्ग दोन असले तरी फलित एक : हात-पाय, पापण्या, आणि अखेर श्वासपटल लुळे पडते. श्वास बाहेरून द्यावाच लागतो.

आता ‘शिथिल’ हा शब्द घ्या. त्यात विसाव्याची छटा आहे. शल्यविशारदास पोटाची भिंत सैल हवी असते, आणि 23 जानेवारी 1942 रोजी माँट्रियल येथे ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी कुरारी वापरली ती याच हेतूने. म्हणजे संज्ञा शल्यविशारदाच्या दृष्टीने घडली. रोग्याच्या दृष्टीने नव्हे. 1947 साली स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःस कुरारी टोचवून घेतली. शरीर पूर्ण लुळे असताही जाणीव आणि वेदना अबाधित होत्या, हे त्याच्या निवेदनाने सिद्ध झाले. भूल नीट नसता हे औषध दिले, तर रोगी जागा राहतो आणि ओरडू मात्र शकत नाही. ‘शिथिलक’ या शब्दात या भीषण शक्यतेची पुसटशीही सूचना नाही. शिवाय पाठदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या, मेंदू व मेरुरज्जूवर कार्य करणाऱ्या गोळ्यांनाही हेच नाव आहे. एका नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न वस्तू नांदतात.

‘रोधक’ हा शब्द अधिक सत्य आहे. पण रोध कोठे, हे सांगणे अनिवार्य ठरते. पेटन आणि झैमिस यांनी 1948-49 च्या सुमारास केलेले संशोधन येथे उद्बोधक आहे. कार्बनच्या साखळीची दोन्ही टोके सारखीच ठेवून त्यांनी तिची लांबी तेवढी बदलली. दहा कार्बनांचे डेकामेथोनियम स्नायूवर रोध करते. सहा कार्बनांचे हेक्सामेथोनियम स्नायूस जवळजवळ स्पर्श न करता स्वायत्त चेतासंस्थेच्या गुच्छिकांत रोध करते. ग्राही दोन्हीकडे एकाच कुळातील, पण घडण निराळी. गुच्छिकेतील रोधाने रक्तदाब उतरतो. त्याचबरोबर तोंड कोरडे पडते, मलमूत्र अडते, जवळचे अंधुक दिसते, उभे राहताच घेरी येते. 1950 नंतरच्या दशकात ही औषधे रक्तदाबावर वापरली गेली आणि याच उपद्रवांमुळे मागे पडली.

दोन रोधांत असा भेद असता शब्दांची गफलत किती घातक ठरेल ते पाहा. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे स्नायू. मराठीत ‘पेशी’ म्हणजे शरीराचा मूल घटक. हिंदी ग्रंथातील ‘तंत्रिका-पेशी रोधक’ ही संज्ञा आमच्या विद्यार्थ्याने तशीच उचलली, तर ती चेतापेशींवरील रोध सुचविते. आणि गुच्छिका म्हणजे चेतापेशींचाच समूह! एका शब्दाच्या उसनवारीने स्नायूवरील औषध गुच्छिकेवरील औषधाच्या जागी जाऊन बसते. बंगालीत तर ‘स्नायू’ म्हणजेच चेतातंतू. संस्कृतोद्भव शब्द सर्व भारतात एकच अर्थ देतात, हा समज येथे टिकत नाही.

कंधारच्या परिसरात हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. शेतात वा झोपेत मण्यार चावली की पापण्या मिटतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. मण्यारीचे विष मुख्यत्वे चेतातंतूच्या टोकावर आघात करते. नागाचे विष कुरारीप्रमाणे स्नायूवरील ग्राही अडविते. म्हणून निओस्टिग्मीनचा उपयोग नागदंशात अधिक, मण्यारीत बेभरवशाचा. दोन्हीत निपचित पडलेला माणूस ऐकत असू शकतो. त्यास मृत समजणे हीच खरी चूक. ग्रामीण भाषेतला ‘लुळा पडला’ हा प्रयोग येथे ‘शिथिल झाला’पेक्षा शास्त्रास जवळचा आहे.

दुसरे उदाहरण रोध संपण्याविषयीचे. सक्सिनिलकोलीन रक्तद्रवातील एका विकरामुळे काही मिनिटांत विघटित होते. ते विकर जन्मतः नसेल, तर श्वास तासन्‌तास परतत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दक्षिण भारतातील वैश्य समाजात या विकराच्या अभावास कारण होणारा जनुकीय बदल नोंदविला गेला. नांदेड-कंधार भागात आर्य वैश्य कुटुंबांची वस्ती आहे. त्यावरून येथील कोणा व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणे अयोग्य. आणि या अभावाने नित्याच्या जीवनात काही बाधाही येत नाही. परंतु ‘घरात कोणास भुलेनंतर श्वास उशिरा आला होता काय?’ हा प्रश्न प्रत्येक रोग्यास, त्यास कळेल अशा मराठीत, विचारणे वैद्याचे कर्तव्य ठरते.

‘शिथिलक’च्या बाजूने एवढे म्हणता येईल की तो शब्द रूढ आहे आणि रोग्यास घाबरवीत नाही. पण अज्ञानावर उभारलेला धीर हा धीर नव्हे. ग्रंथांत ‘चेता-स्नायू रोधक’ आणि ‘गुच्छिकारोधक’ अशा दोन स्पष्ट संज्ञा असाव्यात. ‘चेता-स्नायू संधी’ मात्र टाळावी. संधी म्हटले की वाचकास सांधा आठवतो. आणि संमतिपत्रात लिहावे : ‘हे औषध स्नायू तात्पुरते लुळे करते, त्याने झोप लागत नाही, वेदनाही थांबत नाही, त्यासाठी वेगळी भूल दिली जाईल, आणि तोवर श्वास आम्ही देऊ.’ वाक्य लांब आहे. परंतु ज्याचा श्वास आपण हाती घेणार, त्यास एवढे सांगणे लागतेच.