वखर भिंतीला, माती कुठे?

शाळेत असताना आमची सहल मगन संग्रहालयात गेली होती. नालवाडीहून वर्ध्यातली मगनवाडी सायकलच्या अंतरावर, त्यामुळे आम्ही सगळ्या नाराजच होतो. चरखे पाहिले, अवजारं पाहिली, वहीत नावं उतरवली. घरी बाबांना वखराचं चित्र दाखवलं तर म्हणाले, “नाव लिवलं, पण कोणत्या मातीत चालते ते लिवलं का? मुरमात चालवून पाय, पास घासून जाईन.”

शेतीच्या कुठल्याही संग्रहालयात गेले की मला हेच आठवतं. आपण अवजार जपतो; ज्या मातीमुळे त्याला तो आकार आला, ती दाराबाहेर राहते.

मगन संग्रहालय मात्र जुन्या वस्तूंचं कोठार म्हणून सुरू झालेलं नाही. डिसेंबर १९३८मध्ये गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. जे. सी. कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ तिथूनच काम करत होता. पाहायचं, शिकायचं आणि गावात नेऊन वापरायचं, असा तो विचार होता. गावातल्या हातांना काम कसं मिळेल, हा त्यांचा प्रश्न. म्हणूनच माझी अपेक्षा वाढते. हात दिसतात, तर हाताखालची जमीनही दिसायला हवी.

वखराचंच घ्या. आमची काळी माती बेसॉल्ट झिजून बनली. तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते. मे महिन्यात भेगांमध्ये अख्खा हात जातो. वखराची आडवी पास वरचा थर मोकळा करते, तण कापते, भेगा बुजवते आणि खालची ओल टिकते. एवढं कळलं की वखर नुसतं लाकूड-लोखंड राहत नाही.

नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनला जागतिक मृदा संग्रहालय आहे. तिथे जमिनीचा उभा काप जसाच्या तसा भिंतीवर लावलेला असतो. तिरुवनंतपुरमलाही मृदा संग्रहालय आहे. अभ्यासाला हे उत्तमच. पण टिकण्यासाठी घट्ट केलेला तो काप पावसात फुगत नाही. इकडे मातीविना अवजार, तिकडे अवजाराविना माती.

हे दोन्ही जोडणारा विचार खुद्द नालवाडीत होता. १९३२च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले. गोपाळराव वाळुंजकरांचं चर्मालय इथलंच. मेलेल्या जनावराचं कातडं कामाला, हाडं-मांस खताला, हा त्या काळच्या चर्मोद्योगामागचा विचार. जे मातीतून आलं ते मातीत परत.

आता नालवाडीत वावरांपेक्षा लेआउट जास्त. आमच्याही वावराचे प्लॉट पडले. पायव्यासाठी खड्डा खणला तेव्हा मी आणि बाबा काठावर उभे होतो. वर काळी माती, मग चुनखडीचे पांढरे खडे, तळाशी मुरूम. वागेनिंगेनच्या भिंतीवर असतो तसा काप, फक्त ओला. बाबा म्हणाले, “चाळीस वर्सं वखरलं, पण खाली काय हाय ते आजच पायलं.” मी मोबाइलवर फोटो काढला. दोन दिवसांत काँक्रीट पडलं.

माझी मागणी छोटी आहे. शेतीच्या प्रत्येक संग्रहालयाच्या अंगणात असा एक खड्डा उघडा ठेवा आणि वखर त्याच्या काठावर ठेवा. उन्हाळ्यात मुलांना भेगेत हात घालू द्या, पावसाळ्यात तीच भेग शोधायला लावा.

बाबांना मी अजून मगन संग्रहालयात नेलेलं नाही. या उन्हाळ्यात नेणार आहे. वखरापाशी माहिती मी वाचणार नाही, त्यांनाच सांगायला लावीन.