‘संभाव्य कारणे’ नावाचा रकाना

आज ज्या मजकुराचं परीक्षण करायचंय, त्यावर लेखकाचं नाव नसतं आणि तो कुणी आवडीनं वाचतही नाही. गॅसवर चालणाऱ्या औद्योगिक हॉट एअर जनरेटरच्या मॅन्युअलची ही शेवटची काही पानं. आधी बिघाडाचा तक्ता, मग वार्षिक देखभालीची यादी. पावडर कोटिंगची ओव्हन असो की कापड सुकवणारा स्टेंटर, पानं साधारण सारखीच. तक्त्यात तीन रकाने: बिघाड, संभाव्य कारणे, उपाय. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी हे का वाचावं? कारण ‘निरीक्षणावरून कारणाकडे कसं जायचं’ या प्रश्नाला दिलेलं हे एक लेखी उत्तर आहे, आणि ते चुकलं तर गुण जात नाहीत, माणूस जाऊ शकतो.

आधी चांगलं काय ते सांगते. बर्नर ठरलेल्या क्रमानं सुरू होतो. उष्णतेची मागणी येते, पंखा फिरतो, हवेचा दाब आहे असं प्रेशर स्विच कळवतो, मग आतला उरलासुरला गॅस बाहेर काढायला पर्ज होतं, मग ठिणगी, मग गॅस व्हॉल्व्ह, मग ज्योत लागल्याची खात्री. ओव्हनसाठीच्या एनएफपीए ८६ या अमेरिकन मानकात पर्जसाठी कक्षाच्या आकारमानाच्या किमान चौपट ताजी हवा मागितली आहे. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो, हे लक्षात घेतलं की ही अट किती शहाणपणाची आहे ते कळतं. चांगले तक्ते याच क्रमानं लिहिलेले असतात. ठिणगी पडली याचा अर्थ तिच्याआधीच्या सगळ्या पायऱ्या त्या वेळी पार पडल्या, म्हणजे निम्मी कारणं एका निरीक्षणात बाद. सुमार तक्ते मात्र सुट्या भागांच्या नावांनी लावलेले असतात. ते वाचताना स्टोअरची यादी वाचल्यासारखं वाटतं.

आता एक ओळ नीट बघू: ‘ज्योत पेटते, पण काही सेकंदांत बंद होते.’ कारणं अशी दिलेली असतात: फ्लेम रॉड खराब, अर्थिंग सैल, गॅसचा दाब कमी, कंट्रोलर खराब. चारही खरी आहेत. अडचण अशी की चारांपैकी कुठलं, हे ठरवायचं कसं यावर तक्ता गप्प.

इथं भौतिकशास्त्र मदतीला येतं. ज्योतीत आयन असतात, त्यामुळे ती थोडी वीज वाहते. रॉडला एसी व्होल्टेज दिलं जातं. दुसरा इलेक्ट्रोड म्हणजे अर्थ केलेला बर्नर, आणि त्याचं क्षेत्रफळ रॉडच्या कितीतरी पट. म्हणून प्रवाह एका दिशेनं जास्त जातो आणि काही मायक्रोअँपिअर डीसी मिळतो. कंट्रोलर तेवढाच ओळखतो. साधा शॉर्ट झाला तर एसी येतो, डीसी येत नाही, त्यामुळे ज्योतीचं सोंग शॉर्टला घेता येत नाही. फार देखणी युक्ती आहे ही. आता रॉडच्या वायरमध्ये मायक्रोअँमीटर जोडला (हे काम प्रशिक्षित टेक्निशियनचं, तुमचं-माझं नाही) तर चार कारणं वेगळी व्हायला लागतात. ज्योत स्थिर आणि प्रवाह कमी असेल तर संशय रॉड किंवा अर्थिंगवर. ज्योतच उचलली जात असेल आणि प्रवाह तिच्याबरोबर डळमळत असेल तर गॅस-हवेकडे बघा. ज्योत स्थिर, प्रवाह भरपूर, तरी बंद? आता कंट्रोलरचं नाव घ्यायला हरकत नाही.

तक्ता मात्र म्हणतो, ‘बदला’. आणि बदलून बघणं ही चाचणी म्हणून फार लबाड आहे. कंट्रोलर बदलताना सगळ्या वायरी काढून परत घट्ट बसवल्या जातात. बर्नर सुरू झाला, तर तो नव्या कंट्रोलरमुळे की घट्ट बसलेल्या अर्थच्या स्क्रूमुळे? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय महाग वस्तूला दिलं. जुना कंट्रोलर परत लावून बघायला उत्पादन थांबलेल्या कारखान्यात वेळ कुणाला असतो! रॉड घासण्याचंही तसंच. घासल्यावर चालतं, म्हणून ‘उपाय झाला’. पण रॉडवर पांढरा थर आला कुठून? हवेत सिलिकोनची वाफ असेल तर ती ज्योतीत जळून सिलिका होते आणि रॉडवर बसते. सिलिका वीज वाहत नाही. पावडर कोटिंगवाले सिलिकोनला एरवीही घाबरतात, कारण त्यानं रंगात खड्डे पडतात. म्हणजे रंगाची तक्रार आणि बर्नरची तक्रार एकाच डब्यातून आलेली असू शकते. पण त्या दोन वेगवेगळ्या रजिस्टरांत लिहिल्या जातात.

‘लिमिट स्विच ट्रिप होतो’ या ओळीवर थोडक्यात: स्विच हा निरोप्या आहे. फिल्टर तुंबलाय, ब्लोअरचा बेल्ट सैल आहे किंवा डँपर मिटलाय, हे तो सांगत असतो. त्याला बायपास करणं म्हणजे नको असलेला डेटा पॉइंट खोडणं.

वार्षिक देखभालीची यादी मला तक्त्यापेक्षा जास्त खटकते. ‘बर्नर तपासला ✓, ज्योत तपासली ✓, अर्थिंग ✓.’ बरोबरची खूण हा निष्कर्ष आहे, निरीक्षण कुठंय? फ्लेम करंट गेल्या वर्षी ४ मायक्रोअँपिअर होता आणि यंदा २ आहे, तर दोन्ही वर्षी खूणच होणार, कारण दोन्ही वेळा बर्नर चालतोय. घसरण दिसतच नाही.

‘ज्योत निळी असावी’ हा निकषही अपुरा आहे. एक घनमीटर मिथेनला सुमारे साडेनऊ घनमीटर हवा लागते. ती फारच कमी पडली तर ज्योत पिवळी होते, खरंय. पण निळी ज्योत थंड धातूला टेकली तरी जळण अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला रंगही नाही, वासही नाही. म्हणून अ‍ॅनालायझर हवा, आणि त्याचे दोन्ही आकडे हवेत. धुराड्यात सीओ १०० पीपीएम आला, एवढ्यानं काही कळत नाही. ऑक्सिजन ३ टक्के असेल तर जादा हवा वजा करून तो सुमारे ११७ होतो; ऑक्सिजन १२ टक्के असेल तर सुमारे २३५. वाचन तेच, पण बर्नर दुप्पट वाईट. निव्वळ हवा मिसळून आकडा सुंदर करता येतो, आणि यादीत ऑक्सिजनला रकानाच नसेल तर ते कुणाला पकडताही येत नाही.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप शेवटी. तक्ता लक्षणापासून सुरू होतो, म्हणून ज्याला लक्षण नाही असा बिघाड त्यात येऊच शकत नाही. अप्रत्यक्ष तापवणाऱ्या यंत्रात ज्वलनाचे वायू आणि गरम हवा यांच्यामध्ये हीट एक्स्चेंजरचा पत्रा असतो. त्याला तडा गेला तरी ओव्हन तापते, कंट्रोलर खूश, कुणी फोन करत नाही. सुगावा असतो तो बारीक: ब्लोअर हवा एक्स्चेंजरवर ढकलत असेल तर तो सुरू होताच ज्योत हलते, धुराड्यातला ऑक्सिजन एकदम वाढतो. म्हणजे ब्लोअर सुरू होण्याआधी एक वाचन आणि नंतर एक. यादीत यासाठी एक ओळ असते, ‘एक्स्चेंजर पाहणे’, आणि ती ‘कॅबिनेट बाहेरून पुसणे’च्या लगेच खाली, त्याच मापाच्या चौकोनासह छापलेली असते.