बाहुल्यातले भूत आणि माणसाची भीती

भुताचा चित्रपट पाहून आलेले मूल रात्री दिवा मालवू देत नाही आणि सकाळी त्याच भुताची नक्कल करून घरातल्यांना हसवते. वणा नदीकाठच्या आमच्या हिंगणघाटात काय किंवा अन्यत्र काय, हा अनुभव बहुतेक घरांना आहे. भय आणि हास्य यांचे हे सख्य मराठी पडद्यावर ठळकपणे प्रकटले ते महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटात.

विनोदी भूतकथेचे दोन प्रकार आम्हांस दिसतात. मेहमूद यांच्या 'भूत बंगला' (१९६५) या हिंदी चित्रपटात रहस्य उलगडते तेव्हा भुताआडून माणूसच निघतो. 'झपाटलेला'त मात्र भूत खरेच आहे. तात्या विंचू हा गुंड मरणापूर्वी मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला भोळ्याभाबड्या लक्ष्याच्या हाती पडतो. कल्पनेचे मूळ 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटात असले, तरी तिला मिळालेली माणसे आणि बोली अस्सल मराठी आहेत.

रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या बाहुल्याला दिलीप प्रभावळकर यांचा आवाज लाभला. लाकडी तोंडामागे कलावंताचा हात आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते, तरी तो दचकतो. ही कलेची प्रामाणिक जादू होय. ती कोणाला फसवून पैसे उकळत नाही.

तथापि चित्रपटाचे मर्म आम्हांस दुसरीकडे दिसते. लक्ष्या खरे सांगतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. कै. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्या एकाकीपणाला केविलवाणी धार दिली आहे. आपण त्याच्या थरथरण्याला हसतो, पण घाबरलेल्या माणसाचे ऐकून न घेणाऱ्यांत आपणही बसलो आहोत, हे आपल्या ध्यानात येत नाही. दिग्दर्शकाने येथे क्षणभर थांबायला हवे होते. मांत्रिकाच्या मंत्राचे सामर्थ्यही तो बिनतक्रार मान्य करतो. हा दोष लहान नव्हे. मंत्रतंत्राच्या नावाखाली दुबळ्यांचा छळ होत आला, म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

शुभवर्तमानातही भुताची भीती आहे. सरोवरावरून चालत येणाऱ्या प्रभूला शिष्य भूत समजले आणि ओरडले. पुनरुत्थानानंतरही ते तसेच भ्याले. प्रभू येशूने त्यांची थट्टा केली नाही, की भित्रे म्हणून त्यांना दूरही लोटले नाही. त्याने हातपाय दाखवले, स्पर्श करू दिला आणि खायला मागून भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. भयाला त्याने दिलेले उत्तर इतके साधे, घरगुती होते.

तेव्हा पालकांनी हा चित्रपट मुलांना जरूर दाखवावा, पण शेजारी बसून. बाहुला कसा हलतो, ते समजावून सांगावे, पोटभर हसावे. आणि रात्री मूल हाक मारील तेव्हा "भूतबित काही नसते" एवढे म्हणून कूस बदलू नये. उठून दिवा लावावा, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. लक्ष्याला जे मिळाले नाही, ते निदान आपल्या घरातल्या लेकराला मिळावे.