पिठाचा कोंबडा आणि साडेतीन हजारांचं पुस्तक

दशलक्षणातला नववा दिवस उत्तम आकिंचन्याचा. त्या दिवशी मंदिरातून आलं की घरातलं एक कपाट उघडायचं आणि नको ते बाहेर काढायचं, असा माझा दहा-बारा वर्षांचा नेम आहे. यंदा पाळी आली चिरंजीवांच्या पुस्तकांच्या फळीची. तो नोकरीला बंगळूरला गेला, पुस्तकं पडावातल्या या घरात राहिली. फोन केला तर म्हणाला, “आई, रद्दीत घाल सगळी. त्यातली अर्धी मी उघडलीसुद्धा नाहीत.”

हे ‘उघडलीसुद्धा नाहीत’ मला फार लागलं. नऊ पुस्तकं, एक खोकं. एकेका पुस्तकाला साडेतीन हजारांपर्यंत मोजलेले. परिग्रह-परिमाणाचा नेम घेतलेल्या घरात न उघडलेली पुस्तकं! पण न वाचता रद्दीत घालणं हेही पापच. म्हटलं, आधी वाचून तर बघू. पावसाळ्याचे उरलेले दिवस मी हीच पुस्तकं वाचली. त्यातली कोणती घेतल्याचं सार्थक झालं आणि कोणत्या पुस्तकांनी पस्तावा दिला, ते आज सांगते. तुमच्याही घरातली मुलं आज ना उद्या ही मागणार आहेत.

आधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, आमच्याकडे सतरंजीवर बसायचे. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: तुम्ही रानातून चालला आहात, वाटेत दोन मेलेले घोडे पडलेत, आता काय कराल? बाकीचे एकेक पात्र होऊन उत्तर देतात. अवघड काही करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकतात. पट नसला तरी चालतं, सोंगट्या नसल्या तरी चालतं. जिंकणं-हरणंही तसं नाहीच. पुस्तकात फक्त नियम, प्रदेशांची वर्णनं आणि गोष्टीचे कच्चे आराखडे. यातला सगळ्यात गाजलेला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 मध्ये काढला. म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली.

तेव्हा हे पुस्तक कादंबरीसारखं वाचून संपवायचं नसतं. ते पाककृतीच्या पुस्तकासारखं आहे. तेलाचे डाग पडले तर समजायचं, कामी आलं. मी याच कसोटीवर नऊही पुस्तकं तपासली.

सगळ्यात जास्त डाग पडलेली चीज निघाली ते खोकं. 2014 साली निघालेला ‘स्टार्टर सेट’. त्यात बत्तीस पानांचं नियमांचं चोपडं, चौसष्ट पानांची एक गोष्ट, पाच तयार पात्रं आणि फासे. दोन्ही चोपड्यांच्या पिना निखळल्यात, एका पानावर आमच्याच घरातल्या चहाचा गोल उमटलाय. दोन वर्षं दर रविवारी चार मुलं यावर खेळली. पुस्तक इंग्रजी, सूत्रधार मराठी, बाकी हिंदी. स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं, “अरे, पहले बात तो कर ले उससे!” त्या गोष्टीत गॉब्लिन नावाचे हिरवट चोर एका माणसाला ओलीस धरतात. पण त्यांच्यातला एक जण सौदा करायला तयार असतो. मुलांनी बोलून माणूस सोडवला. हे पुस्तकानंच सुचवलेलं आहे, हे मला आता वाचताना कळलं. चौसष्ट पानांत एवढं बसतं.

आणि पस्तावा कशाचा? जाडजूड साहसांच्या पुस्तकांचा. अशी चार निघाली, प्रत्येक दोनशे पानांच्या वर. चित्रं देखणी, कागद गुळगुळीत, वास अजून नव्याचा. खेळायला बसलं तर वर्ष-दीड वर्ष पुरावं एवढा मजकूर. पण सूत्रधारानं आधी सगळं वाचून डोक्यात ठेवायचं आणि मग मुलं दुसऱ्याच दिशेला जाणार! एका पुस्तकात विसाव्या पानावर खूण होती, तिथून पुढे कोरं. दोष मी त्या पुस्तकांना तेवढा देत नाही. पहिलं साहस संपायच्या आधी दुसरं, तिसरं, चौथं मागवलं हा दोष आमचा. घेण्यातच खेळल्याचं समाधान मिळायला लागलं. पैठणीचं असंच होतं ना? नेसायचा प्रसंग येत नाही, पण कपाटात चार आहेत याचं सुख.

नियमांच्या तीन मोठ्या पुस्तकांचं थोडं निराळं आहे. ‘प्लेयर्स हँडबुक’ वापरून मऊ झालेलं, ते सार्थकी लागलं. ‘डंजन मास्टर्स गाईड’ सूत्रधारासाठी. ते फारसं हाताळलेलं नाही, पण त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटली. या खेळात अनुभवाचे गुण मिळतात आणि पात्र वरच्या पायरीवर चढतं. सगळ्यांचा समज असा की गुण राक्षस मारल्याचेच. पुस्तक सांगतं, न लढता अडचण सोडवली तरी गुण द्या. गुण मोजायचेच नसतील तर गोष्टीतला टप्पा ओलांडल्यावर पायरी द्या. हँडबुकात तर असंही आहे की जवळून केलेला शेवटचा वार प्राण घेण्याऐवजी नुसता बेशुद्ध करणारा ठरवता येतो. असा पर्याय पुस्तकात आहे हे कितीजणांना ठाऊक असेल?

मात्र एक गोष्ट खरेदीआधी कळली असती तर बरं झालं असतं. मूळ नियमांचा संक्षेप 2014 पासून फुकट मिळतो. जानेवारी 2023 मध्ये तर नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्यावर सोडला गेला, म्हणजे मूळ श्रेय देऊन कोणीही तो मराठीत आणू शकतं. तेव्हा आधी फुकटच्या पानांवर महिनाभर खेळा, मग हँडबुक घ्या. 2024 मध्ये नियमांची नवी आवृत्ती आली म्हणून जुनं टाकायचंही कारण नाही. खेळणारे तेच, फासे तेच.

आता तिसरं पुस्तक, ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. याच्याशी माझं भांडण आहे. अकारविल्हे शेकडो प्राण्यांची आणि भुतांची यादी. ‘आर’पाशी आले आणि थबकले. ‘राक्षस’! वाघाचं तोंड, उंची वस्त्रं, हातांचे तळवे उलटे, नरकातून आलेला, माणसं खाणारा. त्याला मारायचं कसं, तेही दिलंय. 1977 च्या पहिल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’पासून हा असाच वाघतोंड्या आहे.

आपल्या घरात रविषेणाचार्यांचं पद्मपुराण वाचलेल्या बाईनं हे कसं सोसावं? सातव्या शतकात लिहिलेल्या त्या ग्रंथात राक्षस हा विद्याधरांचा एक वंश आहे, आणि वानर म्हणजे ज्यांच्या ध्वजावर वानराचं चिन्ह ते. त्याहून जुनं विमलसूरींचं पउमचरिय महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. तिथंही हेच. रावणाला दहा तोंडं नव्हती. लहानपणी गळ्यात घातलेल्या हाराच्या रत्नांत त्याचा चेहरा नऊ ठिकाणी उमटला, म्हणून तो दशानन. चुकलेला, पण जिनभक्त आणि विद्वान माणूस. आपल्या आचार्यांनी ज्यांना माणूसपण परत दिलं, त्यांना या पुस्तकानं पुन्हा वाघाचं तोंड लावलं. परक्यांना काय ठाऊक, असं म्हणून मी हे सोडणार नाही. शब्द उचलायचा तर त्याच्या घरी एकदा विचारून यावं.

विचारून आलेलं एक पुस्तक याच फळीवर मिळालं, म्हणून भांडण थोडं निवळलं. ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’, 2022 चं. त्यातल्या तेरा साहसांपैकी ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ हे मिमी मंडल या कोलकात्याच्या लेखिकेनं लिहिलंय. त्यातल्या नदीला, रानाला, माणसांना बंगालचा वास आहे. लहान लहान गोष्टी, एकेका रविवारी संपणाऱ्या. हे घेतल्याचं मला वाईट वाटलं नाही, न खेळल्याचं वाटलं.

आता खरा प्रश्न. मंडळात मी हे वाचते आहे म्हटल्यावर एक ज्येष्ठ बाई लगेच म्हणाल्या, “फासे? सप्तव्यसनांत पहिलं व्यसन द्यूत, विसरलात का?” द्यूताचं उत्तर सोपं आहे. इथं पणाला काही लावत नाहीत, कोणाचं काही घेत नाहीत. पण त्यांनी पुढं विचारलं, “आणि मारामारी? खोटी का होईना.” यावर मी गप्प झाले. कारण मला यशोधर राजा आठवला.

कथा तुम्हाला ठाऊक आहे. उज्जैनच्या यशोधरानं आईच्या हट्टापायी बळी दिला. खरा नव्हे, पिठाचा कोंबडा. तेवढ्यापायी मायलेकांना मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींतून फिरावं लागलं. आमच्या ग्वाल्हेरच्या रइधू कवींनीही ही कथा अपभ्रंशात लिहिली. तोमर राजांच्या काळात, किल्ल्याच्या कड्यात तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या जात होत्या तेव्हाचे हे कवी. पिठाच्या कोंबड्यालाही जर हिशेब आहे, तर कागदावरच्या गॉब्लिनचं काय?

मी बरेच दिवस विचार केला. यशोधराला शिक्षा पिठाची नव्हती, संकल्पाची होती. मारतो आहे, असं मनात धरूनच त्यानं सुरी चालवली. मग मुलगा फासा टाकताना मनात काय धरतो, हे बघायला हवं. ओलीस माणूस सोडवायचा, हा एक संकल्प. गुणांसाठी वाटेतलं जे दिसेल ते कापत जायचं, हा दुसरा. पुस्तक यातला कोणता संकल्प तोंडात घालतं, त्यावर त्याची किंमत. ‘बेशुद्ध करता येईल’ ही एक ओळ मला म्हणूनच तीनशे पानांइतकी वजनदार वाटते. त्या बाईंना हे पूर्ण पटलं नाही. मलाही पूर्ण पटलंय असं म्हणणार नाही. पण मुलाला ‘खेळू नको’ सांगण्यापेक्षा ‘काय ठरवून मारलंस?’ असं विचारणं जास्त उपयोगी, एवढं मात्र पटलं.

शेवटचं पुस्तक सगळ्यात बारीक. अ‍ॅव्हरी आल्डर यांचं ‘द क्वायट इअर’, 2013 चं. मुलानं फाईल विकत घेऊन पानं छापून आणली होती. यात ना तलवार, ना सूत्रधार. एक कोरा कागद आणि पत्त्यांचा जोड. लढाई नुकतीच संपलेली आहे आणि एका वस्तीला एक शांत वर्ष मिळालंय. बावन्न पत्ते म्हणजे बावन्न आठवडे. बदाम वसंताचे, चौकट उन्हाळ्याचे, किलवर शरदाचे, इस्पिक हिवाळ्याचे. पाळी आली की पत्ता उचलायचा, त्यातला प्रसंग मांडायचा आणि नकाशात काहीतरी काढायचं. हिवाळ्यात इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपला.

यातले दोन नियम ऐका. चर्चा घ्यायची तर प्रत्येकीनं एकदाच, एक-दोन वाक्यं बोलायची, आणि शेवटी निर्णय काही होत नाही. आणि आपल्याला न विचारता कोणी काही केलं, मनाला लागलं, तर बोलायचं नाही. गुपचूप एक खूण उचलून आपल्यापुढं ठेवायची.

हे वाचून मी मोठ्यानं हसले. म्हटलं, हे तर सासरच! आम्ही मंडळातल्या चौघी एका दुपारी बसल्या. खुणांना चिंचोके घेतले. विहीर कुठं खणायची यावर एकीनं एक-दोन वाक्यं बोलून थांबायचं, हे आम्हाला किती जड गेलं म्हणून सांगू! तीन तासांनी नकाशा भरला. वस्तीत विहीर, धान्याचं कोठार, एक अर्धवट पूल. आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी जी होती, तिच्यापुढं सात चिंचोके जमले होते. आम्हा तिघींना ते खेळ संपल्यावर दिसलं. तिला घरी सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, “घरी मोजले असते तर पोतं भरलं असतं.” पंधरा वर्षांची ओळख आमची. हे पहिल्यांदा बोलली. या एका पुस्तकानं बाकीच्या सगळ्यांचे पैसे फेडले, असं मी धरते.

ग्रंथ घ्यायचा कशाला, याचं उत्तर आपल्याकडे अत्तिमब्बेनं हजार वर्षांपूर्वी दिलंय. कर्नाटकातल्या या श्राविकेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या. तिच्या नावाशी पुस्तक जोडलं गेलं ते वाटल्यामुळे. चोपडी खेळाची असली तरी हात फिरत राहण्यातच तिचं शास्त्रदान.

म्हणून रद्दीत काही घातलं नाही. खोकं, हँडबुक आणि छापलेली पानं घरात ठेवली. चार जाड साहसं, ‘रेडियंट सिटाडेल’ आणि सूत्रधाराचं ते गाईड रविवारच्या चौघांपैकी जो अजून ग्वाल्हेरात आहे आणि आता स्वतः खेळ चालवतो, त्याला दिली. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ही त्यालाच. फक्त राक्षसाच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली: “हा वंश आहे, जनावर नव्हे. पद्मपुराण वाच. नाही मिळालं तर काकूंकडे ये.”

मागच्या रविवारी तो आला होता. पद्मपुराणाचा हिंदी अनुवाद घेऊन गेला. अजून परत केलेला नाही.