प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा कशाचा?

जखम चिघळली तरी आपण ‘सेप्टिक झाले’ म्हणतो. वैद्यकातील सेप्सिस वेगळा. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळतंत्र सोडतो आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे यांसारखी इंद्रिये निकामी होऊ लागतात, ती ही अवस्था. रक्तातील जंतू वाढवून पाहायला एक-दोन दिवस लागतात, पुष्कळदा काहीच उगवत नाही, आणि रोगी तर तासातासाला खालावत असतो. म्हणून रक्तातील एखाद्या पदार्थावरून सेप्सिस झटपट ओळखण्याचा ध्यास समजण्यासारखा आहे. मात्र त्या ध्यासापोटी प्रोकॅल्सिटोनिनला ‘सेप्सिसची चाचणी’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, तिला माझा आक्षेप आहे.

प्रोकॅल्सिटोनिन हे कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे पूर्वरूप. एरवी ते मुख्यतः अवटू ग्रंथीत तयार होते. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरातील इतर अनेक ऊती ते बनवू लागतात. १९९३ मध्ये आसिको आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ७९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गंभीर जिवाणुसंसर्ग झालेल्या १९ मुलांत हे प्रमाण मिलिलिटरला ६ ते ५३ नॅनोग्रॅम होते, संसर्गाची चिन्हे नसलेल्या २१ मुलांत ०.१ पेक्षाही कमी. इतकी स्वच्छ दरी पाहून कोणीही हुरळून जाईल! पण ही दोन टोकांची तुलना होती. डॉक्टरला अडचण पडते ती मधल्या रोग्यांची. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, अपघात यांनंतरही हा पदार्थ वाढतो.

२०१३ मध्ये ३० अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अत्यवस्थ रोग्यांत चाचणीची संवेदनक्षमता ७७ टक्के आणि विशिष्टता ७९ टक्के निघाली. आता हेच आकडे घेऊन एक हिशेब करू (शेकडेवारीच्या तासाला देण्याजोगा आहे). समजा १००० रोग्यांपैकी १०० जणांना सेप्सिस आहे. चाचणी त्यांतल्या ७७ जणांना पकडेल, २३ निसटतील. उरलेल्या ९०० पैकी १८९ जणांवर उगाच ठपका येईल. म्हणजे ‘वाढलेल्या’ २६६ अहवालांपैकी खरे फक्त ७७, शेकडा २९. हजारात ५०० जणांना सेप्सिस असेल, तर तीच चाचणी शेकडा ७९ वेळा खरी ठरते. यंत्र तेच, रक्त तपासण्याची रीत तीच. अहवालाचा अर्थ मात्र समोर कोण रोगी आहेत त्यावर बदलला. आणि त्या २३ जणांचे काय? आकडा कमी आला म्हणून त्यांची प्रतिजैविके लांबली, तर किंमत जिवाने मोजावी लागेल.

हे मापन निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. संसर्ग आटोक्यात आला की प्रोकॅल्सिटोनिन साधारण दिवसात निम्मे होते. ही उतरण रोजच्या रोज पाहणे एका आकड्यापेक्षा कितीतरी बोलके असते. नेदरलँड्समधील २०१६ च्या चाचणीत पातळी ८० टक्क्यांनी उतरल्यावर किंवा ०.५ वर आल्यावर औषध थांबवण्याचा सल्ला दिला गेला; तेव्हा प्रतिजैविकांचा मध्यक काळ ७ दिवसांवरून ५ दिवसांवर आला आणि मृत्यू वाढले नाहीत. ब्रिटनमधील २०२४ च्या २७६० रोग्यांच्या चाचणीत मात्र बचत जेमतेम एका दिवसाची भरली, आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या १९३० पासून माहीत असलेल्या जुन्या भिडूने तेवढेही साधले नाही.

सेप्सिसवरील २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कलही असाच आहे: प्रतिजैविके सुरू करायची की नाही, हे ठरवताना प्रोकॅल्सिटोनिनचा आधार नको, ती केव्हा थांबवायची हे स्पष्ट नसेल, तर त्याची मदत घ्यावी.