बोडका सलाम

नाटकाचं परीक्षण लिहिणाराने निदान नाटक पाहिलेलं असावं, एवढी एकच अट मी आजवर पाळत आलो. शेजारी सुभेदार घेऊन बसू नये, ही दुसरी अट परवा कळली.

नाटक हौशी मंडळींचं होतं. नाव सांगत नाही. कारण नायक आमच्याच गल्लीत राहतो. पहिल्या अंकात तो रजेवर घरी येतो. प्रवेशालाच टाळी पडली, आणि आमचे सुभेदारसाहेब (मराठा लाइट इन्फन्ट्री, निवृत्त) माझ्या कानाशी पुटपुटले, "ह्यो फ्रान्सचा हाय काय?"

"म्हणजे?"

"बिल्ला उजवीकडं आलाय."

आपल्याकडे बेरेट टोपीचा बिल्ला डाव्या डोळ्यावर येतो आणि कापड उजव्या कानाकडे ओढलेलं असतं. फ्रेंचांचं बरोबर उलटं. शिवाय नायक पायदळातला, म्हणजे टोपी गडद हिरवी हवी. याची होती मरून, जी छत्रीधारी सैनिकांची. (काळी रणगाडेवाल्यांची. इंग्रजांनी १९२४ साली ती आपल्या रणगाडा दलाला दिली, कारण काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत. आमच्या सौ. माझ्या पँटी याच धोरणाने निवडतात.) आणि बसली होती कशी, तर तव्यावरून उतरलेल्या थालिपिठासारखी. नवी बेरेट पाण्यात भिजवून डोक्यावरच दाबून वाळवायची असते, तेव्हा कुठे तिला त्या डोक्याचा आकार येतो.

इथवर मी हसत होतो. ऐतिहासिक नाटकांतल्या मावळ्यांच्या मनगटांवरची घड्याळं मी आनंदाने माफ केलेली आहेत.

शेवटचा प्रवेश मात्र माफ करवेना. मुलाची शवपेटी येते. वर तिरंगा, त्यावर त्याची टोपी. निवृत्त हवालदार असलेला बाप ती टोपी उचलतो, डाव्या हाताने छातीशी धरतो आणि उघड्या डोक्याने सलाम ठोकतो. मागे सनई. नाट्यगृह रडलं. मीही रुमाल काढला. सुभेदार म्हणाले, "बोडक्या डोक्यानं सलाम नसतो. सावधान असतंय."

आपल्या सैन्यात डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर सलाम करत नाहीत. नुसतं ताठ उभं राहतात. उलट एखाद्या जवानाला गुन्ह्याबद्दल साहेबापुढे हजर करताना त्याची टोपी आणि पट्टा आधी काढून घेतात. तेव्हा उभी हयात पलटणीत घालवलेल्या माणसाचा हात बोडक्या डोक्याकडे जाणारच नाही. लेखकाला हे ठाऊक असतं, तर केवढा प्रसंग हाती आला असता! हात उचलावासा वाटतोय आणि शिस्त उचलू देत नाही, असा म्हातारा. तिथे सनई कशाला हवी?

हे सगळं मी दिग्दर्शकांना ऐकवलं. ते म्हणाले, "सलामाला टाळी आहे हो!" टाळीपुढे समीक्षा चालत नाही; पण दुसऱ्या प्रयोगाला त्यांनी करून पाहिलं. टोपी पेटीवरच राहिली. बाप मुठी वळून, हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला. टाळी आली नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ काका, खाली बसा, दिसत नाही!"

सुभेदारसाहेब उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती.